एकट्याचा हलका तंबू: वजन नेमकं कुठून कमी केलंय?

पाठीवर सगळा संसार घेऊन काही दिवस चालायचं असेल, तर तीन वस्तू सॅक जड करतात: खुद्द सॅक, झोपायचं सामान आणि तंबू. खाणं रोज थोडं थोडं संपत जातं. या तीन गोष्टी मात्र पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेवढ्याच वजनाच्या राहतात. दोघं असतील तर एकाने तंबूचे पोल (दांडे) घ्यायचे, दुसऱ्याने कापड, असं वाटून घेता येतं. एकट्याला तशी सोय नसते. म्हणून एकटं भटकणाऱ्यांचा जीव तंबूच्या वजनात अडकलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

अडचण पुढे येते. ४०० ग्रॅमचा तंबू मिळतो, ८०० ग्रॅमचा मिळतो, दीड किलोचाही मिळतो, आणि तिन्हींवर 'एका माणसासाठी' असंच लिहिलेलं असतं. मग दीड किलोचा कुणी का घ्यावा? माझ्या मते तंबू निवडताना सतत एकच प्रश्न विचारत राहायचा: हे वजन कुठून कमी केलंय? कापड पातळ करून, आतली-बाहेरची अशा दोन भिंतींतली एक गाळून, पोल काढून टाकून, जागा आखडून, की नुसतंच कागदावर? हे कळलं की काढून टाकलेली गोष्ट आपल्याला लागणार आहे का, एवढंच ठरवायचं उरतं.

अगदी टोकाचं उदाहरण एमा गेटवुड यांचं. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाट एकटीने एका दमात पूर्ण केली. त्यांच्याकडे तंबू नव्हताच. पाऊस अडवायला बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा होता. वाटेवरच्या निवाऱ्यांत आणि अनोळखी लोकांच्या घरीही त्या झोपल्या. थोडक्यात, जवळजवळ सगळं काढून टाकूनही चालता येतं. फक्त काढलेल्या प्रत्येक गोष्टीची भरपाई माणसाला स्वतः करावी लागते, कधी जागा शोधत फिरून तर कधी भिजून.

आधी कागदावरचं वजन

कंपन्या बहुतेक वेळा दोन वजनं देतात. एक 'किमान' वजन, ज्यात आतला कक्ष, बाहेरचं कापड आणि पोल एवढंच धरलेलं असतं. दुसरं 'पॅक केलेलं' वजन, ज्यात पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या), दोऱ्या, पिशव्या, दुरुस्तीचा तुकडा असं सगळं येतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पहिलं असतं. पण पेग आणि दोऱ्यांशिवाय रात्र काढता येत नाही, तेव्हा त्या आकड्याचा उपयोग कमीच. ॲल्युमिनियमचे आठ चांगले पेग घेतले तर ८० ते १२० ग्रॅम तिथेच झाले. दोऱ्या आणि पिशव्यांचे आणखी ५०-६०. खाली अंथरायला वेगळं कापड घेतलं की शंभरेक ग्रॅम वाढले. शिलाईतून पाणी येऊ नये म्हणून ती आपण स्वतः सिलिकॉनने सील करायची असेल तर सुकलेल्या सिलिकॉनचंही थोडं वजन असतं.

ट्रेकिंग पोलवर उभ्या राहणाऱ्या तंबूंच्या वजनात पोल धरलेलेच नसतात. तुम्ही तसेही दोन काठ्या टेकत चालणारे असाल तर हा हिशेब तुमच्या बाजूने आहे, कारण काठ्या दिवसा हातात असतात आणि रात्री तंबूला लागतात. काठ्या वापरतच नसाल, तर तंबूसाठी वेगळा पोल वाहावा लागेल आणि तो वजनात मिळवावा लागेल. दोन तंबूंची तुलना करताना हे सगळं दोन्हीकडे सारखं धरायचं. वजन पाउंड-औंसांत असेल तर १ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम आणि १ औंस म्हणजे २८ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त.

तंबू उभा कशावर राहतो

ढोबळमानाने तीन जाती. पहिली, स्वतःच्या पोलवर आपोआप उभा राहणारा. बिग ॲग्नेसचा कॉपर स्पर किंवा एमएसआरचा हबा हे या जातीतले नावाजलेले. कॉपर स्परचा एकट्याचा तंबू सगळं धरून एक ते सव्वा किलोच्या घरात जातो. दुसरी जात अर्धवट उभी राहणारी: पोल एकच, पण डोक्याकडे दोन फाटे फुटलेला. डोक्याकडची बाजू आपोआप ताठ, पायाकडचे दोन कोपरे मात्र पेगने ताणावे लागतात. नेमोचा हॉर्नेट हा त्याचा नमुना. यात पोलचा एक तुकडा गाळून शे-दोनशे ग्रॅम वाचवलेले असतात. तिसरी जात ट्रेकिंग पोलवरची. इथे स्वतःचा सांगाडाच नसतो, सगळा आकार काठ्या, पेग आणि ताण यांतून येतो. डर्स्टनचा एक्स-मिड १ साधारण ८०० ग्रॅमचा, सिक्स मून डिझाइन्सचा लूनर सोलो पाऊण किलोचा आणि झेडपॅक्सचा प्लेक्स सोलो ४०० ग्रॅमच्या आसपासचा.

आपोआप उभा राहणारा तंबू म्हणजे पेग न ठोकता चालणारा तंबू, असा समज फार पसरलाय आणि तो धोक्याचा आहे. रिकामा, किलोभराचा तंबू वारा सहज उचलून नेतो. आत सॅक ठेवली तरी तो वाकडा होतो आणि पोलवर नको तिथे ताण येतो. या जातीचा खरा फायदा वेगळाच आहे. खडकाळ जागी, लाकडी फळ्यांवर किंवा पेग नीट बसत नाहीत अशा जमिनीवर तो आकार धरून राहतो, आणि उभा केल्यावरही उचलून फूटभर सरकवता येतो. ट्रेकिंग पोलवरच्या तंबूचं तसं नाही. त्याचा एक पेग निघाला की छत अंगावर येतं. उलट, जमीन बरी असेल आणि हात बसलेला असेल तर तो वाऱ्यात उत्तम टिकतो, कारण आधाराला अंगठ्याएवढी जाड काठी असते. हलक्या तंबूंच्या स्वतःच्या पोलची जाडी सहसा ९ मिलिमीटरच्या आसपासच असते.

एकट्या माणसाने आणखी एक गोष्ट बघायला हवी: वाऱ्यात हा तंबू दोन हातांत उभा करता येईल का? सोबत कुणी असेल तर एक जण कापड धरतो, दुसरा पेग ठोकतो. एकट्याने करायचं तर आधी वाऱ्याकडचे कोपरे पक्के करायचे, मग उरलेलं वाऱ्याच्या दिशेने पसरू द्यायचं आणि सगळ्यात शेवटी पोल उभा करायचा. हा क्रम ज्या तंबूला सहज जमतो तो एकट्यासाठी बरा. एक्स-मिडसारख्या तंबूंचं मला कौतुक वाटतं ते यासाठी: जमिनीवर साधा आयत, चार कोपऱ्यांना चार पेग, दोन काठ्या, झालं. सहा-सात कोनांचे काही तंबू प्रत्येक पेगची जागा हाताने जुळवायला लावतात. दिवसभर चालून आल्यावर अंधारात तो खेळ नकोसा होतो.

आधी काय उभं राहतं तेही विचारून घ्या. बऱ्याच तंबूंमध्ये आतला जाळीचा कक्ष आधी उभा होतो आणि मग वरून पावसाचं कापड टाकतात. भर पावसात या दोन पायऱ्यांच्या मधल्या मिनिटांत जाळीतून पाणी आत येतं आणि झोपायची जागा ओली होते. जिथे बाहेरचं कापड आधी उभं राहून आतला भाग नंतर खालून अडकवता येतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पावसाळी प्रदेशात चालणाऱ्यासाठी मी ही गोष्ट शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा मोठी मानतो.

आतल्या पाण्याचा हिशेब

'तंबू गळतो' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा तंबू गळत नसतो. पाणी आतूनच आलेलं असतं, आणि हा भाग समजला की एक भिंत (नुसतं बाहेरचं कापड) की दोन (आत वेगळा कक्षही) हा वाद निम्मा मिटतो.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. म्हणजे तासाला तीसेक ग्रॅम. आता तंबूतली हवा बघा. एकट्याच्या तंबूत फार तर दीड घनमीटर हवा असते. ५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे तंबू पूर्ण बंद केला आणि आतली हवा सुरुवातीला अगदी कोरडी होती असं धरलं, तरी ती वीस-पंचवीस मिनिटांत तुडुंब भरते. खऱ्या रात्री बाहेरची हवाही निम्मी-अधिक भरलेलीच असते, त्यामुळे तेवढाही वेळ लागत नाही. त्यानंतर सुटणारा प्रत्येक थेंब कुठल्या तरी थंड पृष्ठभागावर बसणार, आणि तंबूत सगळ्यात थंड असतं ते बाहेरचं कापड. निरभ्र रात्री तर ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, कारण उघड्या आकाशाकडे त्याची उष्णता निघून जात राहते. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात, तेच इथे कापडाच्या आतल्या बाजूला होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कुठलंही कापड हा प्रश्न सोडवत नाही. उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं: खाली कडेला फट, वर झरोका, शक्य असेल तेव्हा दार उघडं. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून झोपणारा सकाळी ओल्या स्लीपिंग बॅगेत उठतो आणि पुढची रात्र त्याला जास्त थंड जाते. दुसरी, जागेचा परिणाम तंबूच्या किमतीपेक्षा मोठा असतो. ओढ्याकाठची हिरवळ आणि दरीचा तळ या जागा दिसायला सुंदर असतात, पण रात्री जड थंड हवा तिथेच उतरून साचते. थोडं वर, झाडांच्या छायेत तंबू लावला तर तेच कापड बरंच कोरडं राहतं. फक्त वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे आधी बघायचं.

दोन भिंतींच्या तंबूतही बाहेरच्या कापडावर पाणी धरतंच. फरक एवढाच की तुमच्यात आणि त्या ओल्या कापडात जाळीचा एक पडदा असतो. रात्री कूस बदलताना हात लागतो तो जाळीला. वाऱ्याने कापड हललं तर उडणारे थेंब बहुतेक जाळीवर अडतात. एका भिंतीच्या तंबूत तो पडदा काढून २०० ते ३०० ग्रॅम वाचवलेले असतात. तिथे पुसायला लहान फडकं हाताशी ठेवायचं, कडेला चिकटून झोपायचं नाही, आणि दुपारी वाटेत तंबू उन्हात पसरायची सवय लावायची. कोरड्या हवामानात हे सहज निभतं. दमट, थंड आणि लागोपाठ पावसाच्या दिवसांत मात्र ते जिवावर येतं, आणि अशा ठिकाणी चालणाऱ्याने हे तीनशे ग्रॅम वाहावेत असंच मी सांगेन.

दोन भिंतींत आतला कक्ष नुसत्या जाळीचा की अर्धा कापडाचा, हीही निवड असते. जाळी हलकी आणि हवेशीर. पण वारा खालून शिरला की थंडी थेट अंगावर येते आणि वाळूच्या प्रदेशात बारीक धूळ आत गाळली जाते. थंडी-वाऱ्याच्या भटकंतीसाठी खालचा दोन फुटांचा भाग कापडाचा असलेला बरा.

कापड

कापडाच्या माहितीत '१५ डी', '२० डी' असं दिसतं. डी म्हणजे डेनिअर: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ९ किलोमीटर धागा अवघ्या २० ग्रॅमचा भरला तर तो २० डेनिअर. आकडा जितका लहान तितकं कापड पातळ आणि हलकं. पण ताकद नुसत्या डेनिअरवरून कळत नाही, वरचा लेपही तितकाच महत्त्वाचा. सिलिकॉनचा लेप धाग्यांत मुरतो आणि कापड फाटायला जास्त जोर लागतो. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त पडतो आणि त्यावर शिलाईची टेप कारखान्यातच चिकटवता येते, पण काही वर्षांच्या दमटपणानंतर तो चिकट होतो, उग्र वास मारायला लागतो आणि सालपटासारखा सुटतो. असा तंबू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

नायलॉन की पॉलिस्टर? नायलॉन त्याच वजनात जास्त मजबूत असतं, पण पाणी शोषून सैल पडतं. संध्याकाळी ताणून लावलेला नायलॉनचा तंबू पावसात तासाभरात झोळ देतो आणि पुन्हा बाहेर येऊन दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिस्टर फारसं पाणी पीत नाही, ताण टिकवून धरतं आणि उन्हातही जास्त टिकतं. म्हणूनच ट्रेकिंग पोलवरच्या तंबूंत सिलिकॉन लावलेलं पॉलिस्टर आज इतकं दिसतं: ज्या तंबूचा सगळा आकार ताणावर उभा आहे, तिथे सैल पडणारं कापड डोकेदुखी ठरतं.

तिसरं कापड डायनिमा कॉम्पोझिट, पूर्वीचं क्यूबन फायबर. शर्यतीच्या बोटींच्या शिडांच्या दुनियेतून ते तंबूंत आलं. विणलेलं कापड नव्हेच ते. अतिशय मजबूत पॉलिएथिलिनचे तंतू दोन पातळ फिल्मांमध्ये दाबून बसवलेले असतात. तंबूसाठी वापरतात त्याचं वजन चौरस मीटरला वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे सिलिकॉनच्या नेहमीच्या कापडाच्या निम्म्याच्या आसपास. पाणी पीत नाही, झोळ देत नाही, फाटलं तर टेप लावून जागच्या जागी पक्कं दुरुस्त होतं. मग वजन कुठून काढलंय? टिकाऊपणातून. घासलं जाण्यात आणि टोचण्यात ते कच्चं असतं, वारंवार चुरगाळून भरलं की फिल्मवर बारीक छिद्रं पडायला लागतात, आणि घडी केल्यावर ते सॅकमध्ये जास्त जागा खातं. शिवाय बरंच महाग. महिनोन्‌महिने सलग चालणाऱ्याला त्यातला वाचलेला प्रत्येक ग्रॅम मोलाचा वाटेल. वर्षातून काही मोजक्या रात्री बाहेर काढणाऱ्याने पहिलाच तंबू याचा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाणी अडवायची ताकद. ती मिलिमीटरमध्ये देतात: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते झिरपायला लागतं. छतासाठी १,२०० ते १,५०० मिलिमीटर व्यवहारात पुरेसे असतात. जमिनीला जास्त लागतं, आणि कारण गणितात आहे. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ, म्हणजेच १०,००० मिलिमीटर. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला, तीस किलो भार तीस चौरस सेंटिमीटरवर आला, की झाला तेवढा दाब. हलक्या तंबूची जमीन सहसा १,२०० ते ३,००० मिलिमीटरची असते, तेव्हा गुडघ्याखाली ती पाझरू शकते. पण तोच सत्तर किलोचा माणूस झोपायच्या मॅटवर आडवा झाला की भार हजारो चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब शंभर मिलिमीटरच्याही खाली येतो. म्हणून पाणथळ जागी मॅट आधी पसरायची आणि तिच्यावरच बसायचं-उठायचं. खाली अंथरायचं कापड घेत असाल तर ते तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं आत राहील असं कापा. बाहेर डोकावलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते.

जागा: आकडे स्वतःच्या अंगाला लावून बघा

तंबूची लांबी २१५ सेंटिमीटर लिहिली असेल तर ती जमिनीवरची असते. भिंती आत झुकतात, आणि आपण जमिनीवर झोपत नाही. आजच्या फुगवायच्या मॅट ७ ते १० सेंटिमीटर जाड असतात, त्यावर स्लीपिंग बॅगेचा फुगार. म्हणजे पाय आणि कपाळ जमिनीपासून वीस-तीस सेंटिमीटरवर असतात, आणि त्या उंचीवर उतरत्या भिंतीने लांबी बरीच खाल्लेली असते. बॅगेचा पायाकडचा भाग रात्रभर ओल्या कापडाला टेकून भिजतो तो याच कारणाने. तुमच्या उंचीत ४०-४५ सेंटिमीटर मिळवा. भिंत जितकी तिरपी, तितकी जास्त मोकळीक धरा. उंची १८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर हा हिशेब टाळू नका, कारण बरेच हलके तंबू मध्यम उंचीच्या माणसासाठी कापलेले असतात.

बसायची उंचीही अशीच मोजायची. घरी मॅट फुगवून तिच्यावर मांडी घालून बसा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतचं अंतर घ्या. मध्यम उंचीच्या माणसाचं ते ९५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तंबूची उंची ११० सेंटिमीटर लिहिली आहे म्हणून खूश होण्याआधी ते शिखर कुठे आहे ते बघा. डोक्याकडेच असेल तर कपडे बदलताना पाठ वाकवावी लागेल, पायाकडे असेल तर उपयोग नाही, मधोमध किंवा आडव्या आढ्यासारखं असेल तर उत्तम. सलग पावसाचा एक अख्खा दिवस आत काढायची वेळ आली की ताठ बसता येणं ही चैन राहत नाही.

बाहेरच्या ओसरीत (दारापुढे, बाहेरच्या कापडाखाली उरणाऱ्या जागेत) सॅक आणि ओले बूट मावून जायला-यायला वाट उरावी. दार बाजूला असेल तर आत-बाहेर सोपं जातं. डोक्याकडून रांगत शिरायचे तंबू हलके असतात, पण पावसात दार उघडलं की थेंब उशाशी पडतात. नेहमी त्रास देणारी गोष्ट म्हणजे झिप: तिच्यात वाळू शिरली की धावणी झिजते आणि दात जुळेनासे होतात. जाड दातांची झिप काही ग्रॅम जड असली तरी चालेल.

वारा आणि पेग

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. दीड चौरस मीटरच्या उभ्या भिंतीवर ताशी ३० किलोमीटरचा वारा साडेसहा किलोच्या आसपास रेटा देतो, ताशी ६० चा पंचवीस किलोच्या पुढे. भिंत तिरपी असेल तर तो कमी होतो, म्हणून ठेंगणे आणि उतरत्या भिंतींचे तंबू वाऱ्यात निभावतात आणि आत ऐसपैस वाटणारे उभ्या भिंतींचे तंबू जास्त फडफडतात. जागा आणि वाऱ्यातली ताकद यांचं भांडण कायमचं आहे.

हा सगळा रेटा शेवटी पेगवर येतो, आणि हलक्या तंबूसोबत येणारे पेग बहुतेकदा सगळ्यात कच्चा दुवा असतात. सहा ग्रॅमची टायटॅनियमची आकडी घट्ट मातीत छान बसते, मऊ जमिनीत फिरते आणि निघते. इंग्रजी वायच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा १५ सेंटिमीटरचा पेग दहा-पंधरा ग्रॅमचा, पण त्याची पकड कितीतरी पक्की. मी सुचवेन की मुख्य चार ताणांना वायचे आणि बाकीच्यांना आकड्या. भुसभुशीत वाळूत दोन्ही निकामी. तिथे पेग आडवा पुरून वर वाळू दाबायची किंवा दोरी दगडाला बांधायची, म्हणून दोनेक मीटर जादा दोरी जवळ असू द्या.

उघड्या डोंगरमाथ्यांवर आणि कडक थंडीत जाणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. स्वीडिश हिलेबर्गचा आक्तो १९९० च्या दशकापासून चालत आलाय. एकच कमान, बाहेरचं कापड जमिनीपर्यंत उतरलेलं, बाहेरचं-आतलं एकदमच उभं राहणारं. वजन दीड किलोच्या वर. हलक्या सामानाच्या हिशेबात तो जड ठरतो, पण तिथे कापडाच्या ताकदीतून एक ग्रॅमही काढलेला नाही, आणि वादळी रात्री आत झोपणाऱ्याला ते कळतं.

एक गोष्ट वजनाशी संबंध नसलेली

बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. पातळ नायलॉन-पॉलिस्टर क्षणात वितळतं, आणि कित्येक हलक्या तंबूंच्या कापडावर आगरोधक लेप नसतो. त्याहून वाईट म्हणजे अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. थकलेल्या माणसाला झोप येतेय असंच वाटतं. तंबू जितका लहान तितका हा धोका लवकर उभा राहतो. पाऊस असला तरी स्टोव्ह बाहेर, उघड्यावर.

मग घ्यायचा कुठला?

तुम्ही काठ्या घेऊन चालत असाल आणि जमीन बहुतेक मातीची असेल, तर दोन भिंतींचा, पॉलिस्टरचा, ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा ८०० ग्रॅम ते एक किलोचा तंबू ही माझी पहिली शिफारस. वजन, कोरडेपणा आणि टिकाऊपणा यांचा मेळ आज तिथे सगळ्यात चांगला बसलाय. काठ्या वापरत नसाल किंवा खडकांवर मुक्काम पडत असेल, तर स्वतःच्या पोलवरचा सव्वा किलोच्या आतला तंबू घ्या. पोल ॲल्युमिनियमचे असू द्या: ते वाकतात, कार्बनचे तडकतात, आणि वाकलेला पोल नळीचा तुकडा चढवून घरी पोचेपर्यंत चालवता येतो. दुमडलेल्या पोलची लांबीही बघा, ४५-५० सेंटिमीटरचे तुकडे सॅकमध्ये उभेच ठेवावे लागतात. एका भिंतीचा तंबू कोरड्या प्रदेशात फिरणाऱ्याने, काही रात्री अनुभवल्यानंतर घ्यावा.

विकत घेतल्यावर पहिली रात्र दूर कुठे काढू नका. घराजवळ मोकळ्या जागी उभा करा, मॅट आणि स्लीपिंग बॅगेसकट आत झोपून पाय कुठे टेकतात ते बघा, मग पाण्याचा पाइप दहा मिनिटं वर धरा. सिलिकॉनच्या कापडावर कारखान्याची टेप सहसा बसत नाही, म्हणून शिलाई सील केलेली नसेल तर सिलिकॉनचं सीलंट ब्रशने लावून रात्रभर सुकू द्या. छताच्या आढ्याची शिलाई आणि दोऱ्या जोडलेल्या जागा आधी. त्यानंतर दोन-तीनदा अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात लावून बघा. ओला तंबू घरी आणल्यावर त्याच दिवशी सावलीत पसरून पूर्ण वाळवा आणि सैलसर पिशवीत ठेवा. दमट घडीत बुरशी धरते आणि लेप सुटायला लागतो.